लांबून गोड

मिसळणाच्या डब्यातली मेथ्यांची वाटी सहसा रिकामी होत नाही. मोहरी संपते, जिरं संपतं, हळदीच्या वाटीचा तळ तर दर पंधरवड्याला दिसतो; मेथ्या मात्र गेल्या दिवाळीआधी भरल्या त्या अजून काठाशी. कढीच्या फोडणीत चार, इडलीच्या डाळीत भिजायला चिमूटभर, कैरीच्या लोणच्यात तळून कुटलेल्या चमचाभर, की झालं त्यांचं वर्षाचं काम. एरवी त्या शेजारच्या वाट्यांची ये-जा बघत बसून असतात. एखादी मेथी तळहातावर घेऊन निरखावी. पिवळट तपकिरी, चौकोनी म्हणावी तर चौकोनी नाही, लांबट म्हणावी तर लांबट नाही. अंगावरून एक तिरकी खाच गेलेली, घडवता घडवता घडवणाऱ्याचा विचार बदलला असावा अशी. दाताखाली धरली तर आधी खडा, मग कडू, आणि कडू ओसरल्यावर मागे रेंगाळणारा एक गोडसर वास, जो कुठून आला ते जिभेलाही सांगता येत नाही. अशा या अडनिड्या दाण्यावर जगभरच्या प्रयोगशाळांनी किती कागद खर्च केलाय हे पाहिलं, की डब्यातल्या त्या वाटीकडे जरा अदबीने बघावंसं वाटतं.

तशी मेथीला मानमरातबाची सवय जुनी आहे. तुतनखामेनची कबर १९२२ साली उघडली, तेव्हा सोन्याचा मुखवटा, रथ, पलंग अशा राजेशाही पसाऱ्यात मेथ्याही निघाल्या. राजाबरोबर परलोकी काय काय द्यायचं याची यादी करणाऱ्या त्या कारभाऱ्याच्या मनात काय असेल कोण जाणे. पण घरातल्या कुण्या जाणत्या बाईने ऐन वेळी पुडी पुढे केली असेल आणि 'असू दे, लागते' म्हटलं असेल, असं मला उगीचच वाटतं. रोमच्या कातोने शेतीच्या पुस्तकात तिची गणना गुरांच्या चाऱ्यात केली. आपल्याकडे भावप्रकाशाने तिला ओवा, अळीव आणि कलौंजी यांच्या पंगतीला बसवून चौघांना मिळून चतुर्बीज म्हटलं. म्हणजे एका गावी राजाची शिदोरी, दुसऱ्या गावी बैलाची वैरण, तिसऱ्या गावी वैद्याचं औषध. माणसांनाही गाव बदलल्यावर असंच होतं, पण माणसं त्याचा फार बाऊ करतात.

या सगळ्या गावांत आपल्या स्वयंपाकघराने मेथीशी जो व्यवहार केला तो मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. तिचा कडूपणा काढून टाकायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. त्याला सोबत दिली. मेथांब्यात कैरीच्या आंबट फोडी आणि गूळ यांच्या मधोमध ती निवांत शिजते, आणि घासाच्या शेवटी हलकेच एक चिमटा काढते. मेथकुटात हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू, धने, जिरं, सुंठ अशी भारदस्त मंडळी भाजून दळलेली असतात. मेथी त्यांच्यात नावाला, पण पाटी तिच्याच नावाची. गरम मऊ भातावर तूप आणि ते पिवळं पीठ कालवून पहिला घास घेतला की ही पाटी का टिकली ते कळतं. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या मिळतात, वाळूत वाढलेल्या, मुळांसकट उपटलेल्या. त्या निवडायला बसलं की सकाळ जाते आणि कितीही पाण्यांतून काढल्या तरी वाळूचा एक कण दाताखाली येतोच. तरी लोक त्या आणतात. सोय बघून प्रेम करणाऱ्यांसाठी ही भाजी नाही.

पण मेथीचं खरं राज्य म्हणजे बाळंतिणीचे लाडू. आमच्या घरी ते काकू करायची. मेथ्या मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायच्या, भरड दळायच्या आणि ती भरड पातळ तुपात बुडवून दोन-चार दिवस झाकून ठेवायची. मधून मधून झाकण उघडून काकू वास घ्यायची आणि काही न बोलता झाकण लावायची. आतल्या वाटाघाटी कुठवर आल्या ते तिला वासावरून कळत असावं. मग खारकेची पूड, सुकं खोबरं, तुपात फुलवलेला डिंक, खसखस, जायफळ, आणि शेवटी गुळाचा पाक. गुळाचं आणि मेथीचं तिथे असं काही मेथकूट जमायचं, की लाडू तोंडात टाकल्यावर कोण कुठे संपतं ते सांगता येऊ नये. निदान काकूचं म्हणणं असं. बाळंतिणीचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

काकू दोन डबे भरायची. एकात बाळंतिणीचे लाडू, त्यात मेथी सढळ. दुसऱ्यात घरच्यांचे, त्यात मेथी वासापुरती. दोन्ही लाडू रंगाला सारखे, आकाराला सारखे, दोन्हींच्या माथ्यावर चारोळीचा एकेक दाणा. बाळंतिणीच्या डब्याच्या कडीला लाल दोरा असे. आम्ही मुलं अर्थातच दोरा नसलेल्या डब्यावर हात मारायचो. हे काकूच्या लक्षात आलं तेव्हा तिने काही न बोलता दोरा या डब्यावरून त्या डब्यावर बांधला. त्या दुपारी फळीखाली उभं राहून आम्ही सगळ्यांनी एकदम तोंडं वाकडी केली, आणि आवाज करायची सोय नव्हती. पुढे ती दोरा हवा तसा फिरवत राहिली. कुठला डबा कुठला हे तिलाच ठाऊक, त्यामुळे संशोधकांच्या भाषेत या प्रयोगाला डबल ब्लाइंड म्हणता येणार नाही, सिंगल ब्लाइंडच. पण तो चोख होता. चोरी कमी झाली, आणि घरातल्या बऱ्याच मुलांना मेथी आवडू लागली, जो निष्कर्ष काकूलाही अपेक्षित नव्हता.

प्रयोगशाळेतली मेथी मला भेटली ती पुष्कळ नंतर, कागदावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी मधुमेह आणि मेथी यांचा पाठपुरावा नेटाने केला. त्यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझा आवडता आहे. इन्सुलिन घ्यावं लागणाऱ्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना १० दिवस नेहमीचं जेवण आणि १० दिवस मेथीचं. कॅलरी दोन्हींकडे सारख्या. मेथीच्या दिवसांत रोज १०० ग्रॅम मेथीपूड, स्निग्धांश काढून घेतलेली; अर्धी दुपारच्या जेवणात, अर्धी रात्रीच्या. उपाशीपोटीची साखर उतरली, लघवीवाटे २४ तासांत जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली, कोलेस्टेरॉलही खाली आलं. सगळं उत्तम. पण १०० ग्रॅम! आमच्या डब्यातली अख्खी वाटी उपडी केली तरी तेवढं वजन भरायचं नाही, आणि ही रोजची गोष्ट. गोषवाऱ्यात यावर एवढंच म्हटलंय की पूड आहारात समाविष्ट करून जेवणाच्या वेळी वाढली. लिहिणाऱ्याने किती सहज लिहिलं! पण त्या सुटसुटीत वाक्यामागे कुठेतरी एक शेगडी पेटलेली असणार, आणि तिच्यापुढे मूठ मूठ मेथीपूड हातात घेऊन, आता ही कशात घालू म्हणून विचारात पडलेलं एक माणूस उभं असणार. त्याने किंवा तिने वाढलेलं ते ताट रुग्णांनी दुपारी संपवलं आणि रात्री पुन्हा संपवलं. शास्त्राची सेवा म्हणतात ती अशीही होते.

मेथीने हे साधलं कसं, याच्या उत्तरात तिचा एक अवगुणच पुढे येतो. भिजवलेल्या मेथ्यांना सुटतो तो बुळबुळीतपणा. मेथीदाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तंतूंचा, आणि त्यातला पाण्यात विरघळणारा मोठा वाटा गॅलॅक्टोमॅननचा. मॅनोज नावाच्या साखरेची लांबलचक साखळी आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक कडीवर गॅलॅक्टोजची एकेक फांदी. आइस्क्रीम-सॉसना दाटपणा आणणाऱ्या गवार गमात ही फांदी साधारण एकाआड एक कडीवर असते. मेथीत नुसती दाटी. या फांद्या पाण्याला धरून ठेवतात, पोटात त्याचा लगदा बनतो, जेवण जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम उसळी न घेता थांबत थांबत उतरते. म्हणजे मेथी साखरेला हाकलत नाही, तिची घाई तेवढी मोडते. रात्री वाटीत चमचाभर मेथ्या भिजत घालून सकाळी त्यात बोट बुडवून पाहावं: बोट वर घेतलं की पाण्याची तार सुटते, आणि तुटायला नको म्हणते.

या बुळबुळीतपणाचा सर्वांत दिमाखदार प्रयोग मात्र कुठल्याच पोषणशास्त्रज्ञाच्या खाती जमा नाही. इसवी सन ६७ मध्ये गॅलिलीतल्या योदफात या डोंगरी गावाला व्हेस्पाशियनच्या रोमन फौजेने वेढा घातला. गावाच्या बचावाचा म्होरक्या जोसेफस पुढे इतिहासकार झाला, म्हणून ही हकिगत उरली. रोमन सैनिक तटावर जाण्यासाठी फळ्या टाकू लागले, तेव्हा आतल्यांनी मेथी उकळून तिचा रस त्या फळ्यांवर ओतला. शिस्तीसाठी साऱ्या जगात नावाजलेली ती फौज घसरली. कुणी फळीवर उताणे, कुणी मागच्यांच्या अंगावर. गाव पुढे पडायचं ते पडलंच, पण ती एक वेळ मेथीने राखली. रोज सकाळी नाक मुठीत धरून मेथीचं पाणी पिणाऱ्या मधुमेही मंडळींना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. आपल्या पोटात दर जेवणानंतर शर्करेचं एक छोटं सैन्य चढाई करून येतंय आणि फळीवर मेथी ओतलेली आहे, या कल्पनेने घोट जरा सुसह्य होईल. (मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर मात्र घालावं; औषध आणि मेथी दोघांनीही साखर खाली ओढायचं मनावर घेतलं तर पंचाईत होते.)

मेथीच्या संशोधनातली एक अडचण मला फार लोभस वाटते. चांगल्या चाचणीत खरं औषध कुणाला आणि नुसतं दिखाऊ कुणाला, हे ना घेणाऱ्याला कळता कामा नये, ना देणाऱ्याला. मेथीच्या बाबतीत हे गुपित राखायचं कसं? तिला पोटात दडवलं तरी ती घामातून बाहेर येते. भरपूर मेथी खाल्लेला माणूस शेजारी येऊन बसला की सांगावं लागत नाही. या चहाडखोरीचं मूळ सोटोलोन नावाच्या एका छोट्याशा रेणूत आहे, आणि त्याचा स्वभाव असा की तो जवळून एक असतो आणि लांबून दुसरा. दाट असला की त्याचा मेथीसारखा, मसाल्यासारखा वास येतो. हवेत पुरेसा विरळ झाला की तोच साखरेच्या पाकासारखा, जळत्या साखरेसारखा, मेपलच्या सिरपसारखा गोड वाटतो. मेपलच्या झाडाचं तोंडही न पाहिलेल्या सिरपला मेपलचा वास देण्यासाठी मेथीचा अर्क वापरतात तो यामुळेच. दाताखालचा कडू ओसरल्यावर मागे रेंगाळणारा तो बेवारस वासही याचाच.

या रेणूने एकदा न्यूयॉर्कसारख्या शहराला चांगलं कोड्यात पाडलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये एका संध्याकाळी मॅनहॅटनभर सिरपचा गोड वास पसरला. त्या शहराला तेव्हा कुठल्याही अनोळखी गोष्टीची धास्ती वाटे. लोकांनी फोन लावले, यंत्रणा धावल्या, हवेचे नमुने घेतले. धोका काही सापडला नाही, आणि वास आला तसा गेला. पण पुढची तीन वर्षं तो मधून मधून येत राहिला, पत्ता न ठेवता जाणाऱ्या पाहुण्यासारखा. शेवटी तक्रारींच्या जागा नकाशावर मांडून त्या त्या वेळच्या वाऱ्याची दिशा ताडून पाहिली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी पत्रकार परिषद घेऊन उगम जाहीर केला: हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत, नॉर्थ बर्गनमधला एक सुगंधी द्रव्यांचा कारखाना, आणि तिथे प्रक्रिया होत असलेली मेथी. बातमी वाचून मला न्यू जर्सीतल्या मराठी घरांची आठवण झाली. तिकडच्या कितीतरी ओट्यांवर त्या दिवशीही मेथीची जुडी निवडायला घेतलेली असणार. सबंध शहर ज्याचा माग काढत होतं तो वास त्यांच्या घरी डब्यात बंद होता. पण त्यांनी तो ओळखला नसता, कारण ते त्याच्या फार जवळ होते.

आणखी एक गोष्ट याच वासाची, पण जपून सांगायची. काही तान्ह्या बाळांना प्रथिनांतली ठरावीक अमिनो आम्लं पचवता येत नाहीत. १९५४ साली प्रथम नोंदवलेल्या या दुर्मीळ आणि गंभीर आजाराची एक खूण म्हणजे बाळाच्या लघवीला येणारा मेपल सिरपचा वास. आजाराचं नावही त्यावरूनच पडलं. आता गंमत अशी, की प्रसूतीआधी आईने मेथी घेतली असेल तर अगदी ठणठणीत बाळालाही तसाच वास येऊ शकतो, आणि अशा प्रसंगांची बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत रीतसर नोंद आहे. मला तो चिंतातुर कक्ष डोळ्यांपुढे येतो. डॉक्टर बाळाचा लंगोट हुंगताहेत, तपासण्या लिहून देताहेत, आईबापांच्या तोंडचं पाणी पळालंय. आणि कोपऱ्यात बसलेली आजी खूप वेळाने हळूच विचारते, 'मेथी दिली होती, ती चालते ना हो?' तपासण्या करायलाच हव्यात, त्यात शंका नाही. पण जगात आल्या आल्या अंगाला आईच्या खाण्याचा वास येणं, हा काही अगदीच वाईट ओळखीचा दाखला नव्हे.

शास्त्रज्ञ मेथी पाहतात ती तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येकाला आपापला तुकडा प्यारा. १८८५ मध्ये यान्स या जर्मन रसायनज्ञाने तिच्यातून ट्रिगोनेलिन वेगळं काढलं. हेच द्रव्य कच्च्या कॉफीच्या बियांतही असतं आणि भाजताना त्यातलं थोडं निअ‍ॅसिन या जीवनसत्त्वात बदलतं. म्हणजे सकाळची कॉफी आणि कढीची फोडणी यांचं दूरचं नातं निघालं. दुसऱ्या कुणाला तिच्यात एक वेगळंच अमिनो आम्ल सापडलं, जे इन्सुलिनच्या स्रवण्याला हातभार लावतं असं प्रयोगांत दिसलं. तिसऱ्याचा जीव डायोस्जेनिनवर. मेक्सिकोतल्या एका रानकंदातून हेच डायोस्जेनिन काढून रसेल मार्करने १९४० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि पुढच्या गर्भनिरोधक गोळीचा पाया घातला. ज्या रेणूने कितीएक बायकांची बाळंतपणं टळली, तोच थोडाथोडका बाळंतिणीच्या लाडवातही असतो, हे काकूला सांगायचं राहून गेलं. ऐकून तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं याची मला कल्पना आहे.

आणि मग येतात उद्योगवाले. मेथीचे गुण सिद्ध झाल्यावर त्यांना पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे तिच्यातून मेथी काढून टाकणं. कडूपणा घालवलेली पूड, वास मारलेला अर्क, बुळबुळीतपणा तेवढा वेगळा काढून केलेला तंतू. सगळं मोजून मापून कॅप्सूलमध्ये, पाण्याबरोबर गिळलं की जिभेला पत्ता नाही. यात वाईट काही नाही. रोज १०० ग्रॅम पूड खाणाऱ्या त्या हैदराबादच्या मंडळींना कुणी कॅप्सूल देऊ केली असती तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतली असती. उलट आपल्याकडे जो दुसरा सूर लागतो, की हे सारं आपल्या आज्यांना पूर्वीच ठाऊक होतं, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. आज्यांना पुष्कळ ठाऊक होतं. पण मेथीने दूध किती वाढतं हे वजन-मापाने पाहायचं तर २०११ च्या तुर्की अभ्यासात केलं तसं काहींना मेथी असलेला वनस्पतींचा चहा आणि काहींना चक्क सफरचंदाचा चहा पाजावा लागतो. त्यात मेथीवाल्या मातांना दूध जास्त आलं. बाकीच्या अभ्यासांत कधी आलं, कधी तितकंसं नाही, आणि बहुतेक अभ्यास लहान. शास्त्र असं चाचपडत, खाली बघत चालतं. आठवणी मात्र नदीपलीकडून वास घेतात. मधे वर्षांचा एवढा वारा असतो, की मेथीचं कडू वाटेतच विरतं आणि आपल्यापर्यंत येतो तो नुसता पाक. काकूच्या लाडवांबद्दल मी वर जे गोड गोड लिहिलं, ते याच नियमाने.

ज्यांनी ते लाडू जवळून खाल्ले त्यांचं ऐकावं म्हणून मध्यंतरी ताईला विचारलं. काकूच्या दोरेवाल्या डब्याची ती एके काळची मानकरी. ताई फोनवर जराही न रेंगाळता म्हणाली, "कडूजहर होते. रोज सकाळी एक, वर वाटीभर दूध, आणि संपेपर्यंत काकू समोर पाट टाकून बसलेली. मला रडू यायचं." आता तिच्या लेकीला दिवस गेलेत, आणि ती असते न्यू जर्सीतच. लेकीने डॉक्टरांना विचारून बाळंतपणानंतरसाठी मेथीच्या कॅप्सूलची बाटली आधीच आणून ठेवलीय. बरं झालं, मी म्हटलं, म्हणजे आता तू सुटलीस. पण पलीकडून ताई मला खारकेचा भाव विचारू लागली. तिकडे जाताना भरड इथूनच करून न्यायची की तिथे गेल्यावर, तूप कुठलं, डिंक विमानात चालतो का. मी बुचकळ्यात पडून म्हटलं, "अगं, आत्ताच तर म्हणालीस, रडू यायचं!"

"यायचंच," ताई म्हणाली. "पण तुम्ही पोरं डबा हुडकत सारखी माझ्या खोलीत यायचात. सव्वा महिना एका खोलीत काढायचा म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं. काकूने तो डबा माझ्या खोलीत का ठेवला होता असं तुला वाटतं? कॅप्सूल चोरायला कोण येणार आहे तिच्याकडे?"

मग तिने मला दोन डब्यांचं वजन सांगितलं, एकात मेथी सढळ आणि एकात वासापुरती, आणि लाल दोरा आठवणीने आणायला बजावून फोन ठेवला.